जोडी रंगाची की सुराची?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी एकच अट घातली : औषधांवर नको, ते आपण सर्वजण वर्षभर वाचतोच. अट मोडायची नाही आणि स्वतःच्या विषयापासून फार दूरही जायचे नाही, असा मध्यममार्ग काढून मी हा विषय निवडला. कान-नाक-घसा हा माझा व्यवसाय आणि गाणे ऐकणे हा छंद. या दोहोंच्या सीमेवर एक प्रश्न मला गेली अनेक वर्षे भेटत आला आहे, आणि आपण सीमाभागातली माणसे असल्यामुळे सीमेवर उभे राहून विचार करण्याची आपल्याला सवयही आहे. प्रश्न असा : घरात संगीत ऐकण्याची यंत्रणा घ्यायची, तर ती दिवाणखान्याला शोभणारी घ्यावी की कानाला रुचणारी?

नवे घर बांधणारे आपले व्यवसायबंधू संघटनेच्या बैठकीत चहाच्या वेळी मला हमखास गाठतात. ‘फर्निचर सागवानी रंगाचे आहे, काळे स्पीकर विजोड दिसतील का?’ ‘टीव्हीच्या रुंदीएवढाच साउंडबार मिळेल का?’ ‘अ‍ॅम्प्लिफायर एका कंपनीचा आणि स्पीकर दुसऱ्या कंपनीचे चालतील का?’ प्रश्न सारे दिसण्याचे असतात. ‘त्यातून बालगंधर्वांचा आवाज कसा येईल?’ असे विचारणारा क्वचितच भेटतो. हा दोष व्यक्तीचा नाही. डोळा हा फार बोलका साक्षीदार आहे आणि कान हा संकोची. न्यायालयात जसे पुष्कळदा होते, तसेच येथेही बोलका साक्षीदार खटला जिंकून जातो.

आपल्या भागाचा कान

खरे पाहता हा प्रश्न आपल्या मातीत तरी कानाच्या बाजूने सुटायला हवा. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. कुमार गंधर्व ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मले ते बेळगावजवळच्या सुळेभावी गावी. संवादिनीवादक पं. रामभाऊ विजापुरे (१९१७-२०१०) यांनी बेळगावात राहून कित्येक पिढ्यांच्या बोटांना सूर दिला. दक्षिणेला धारवाड म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूरांचे गाव. उत्तरेला निपाणी ओलांडली की कोल्हापूर, जेथे शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादिया खाँसाहेब राहिले. आणि थोडे पलीकडे मिरज, जेथे अब्दुल करीम खाँसाहेबांनी वास्तव्य केले. किराणा आणि जयपूर या दोन्ही घराण्यांच्या मधोमध आपले अंगण येते.

या अंगणात गाणे पोचवले ते आधी मैफलीने आणि मग यंत्राने. आकाशवाणीचे धारवाड केंद्र १९५० मध्ये सुरू झाले आणि सांगली केंद्र १९६३ मध्ये. दोन्ही केंद्रे ऐकू येणाऱ्या घरांत कानडी आणि मराठी गाणे एकाच कानात, एकाच सुईच्या थोड्याशा सरकण्याने, उतरत असे. त्या काळी रेडिओ फळीवर, भरतकाम केलेल्या रुमालाखाली, देवासारखा बसवलेला असे. रुमाल शोभेसाठी होता; पण कार्यक्रम लागला की तो बाजूला सारला जाई, कारण त्याने आवाज दबतो हे घरातल्या सर्वांना ठाऊक होते. शोभा कोठे संपते आणि ऐकणे कोठे सुरू होते, याचे ते साधे आणि शहाणे उत्तर होते.

कर्णा पेटीत शिरतो तेव्हा

यंत्राने फर्निचरचे सोंग घ्यावे, ही हौस आजची नव्हे. ग्रामोफोनला प्रारंभी मोठा कर्णा असे. तो दिवाणखान्यात कमळासारखा फुललेला दिसे, धूळ खाई आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडे. अमेरिकेतील व्हिक्टर कंपनीने १९०६ मध्ये ‘व्हिक्ट्रोला’ बाजारात आणला. त्यात कर्णा वळवून पेटीच्या पोटात बसवला होता आणि पुढे लाकडी दारे होती. आवाज कमी करायचा तर दारे लोटून घ्यायची. पेटी कपाटासारखी दिसे, म्हणून श्रीमंत घरांनी तिचे स्वागत केले. ध्वनियंत्राच्या इतिहासात ‘दिसणे’ हा विक्रीचा मुद्दा झाला तो असा.

पुढे आपल्याकडे रेडिओग्रॅम आले. पॉलिश केलेल्या लांबलचक पेटीत एका बाजूला रेडिओ, मध्ये तबकडी फिरवणारा टर्नटेबल आणि दोन टोकांना दोन स्पीकर. स्टिरिओची मूळ कल्पना इंग्लंडच्या अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये पेटंटात मांडली होती आणि १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या सर्वत्र विक्रीला आल्या. डावा आणि उजवा आवाज एकमेकांपासून पुरेसा दूर असावा, हा त्या कल्पनेचा प्राण. पण पेटी दिवाणखान्यात मावेल एवढीच लांब! दोन्ही स्पीकर एका लाकडात शेजारी शेजारी राहिले आणि स्टिरिओ बराचसा नावापुरता उरला.

सत्तरच्या दशकात सुटे भाग आले. अ‍ॅम्प्लिफायर, ट्यूनर, कॅसेट डेक एकावर एक रचलेले, सर्वांचे तोंड चंदेरी आणि बटणे एका मापाची. ऐंशीच्या दशकात तेच काळे झाले. सर्व भाग एकाच कंपनीचे नसले तर रचना विजोड दिसे, म्हणून लोक संचच विकत घेत. विजेच्या दृष्टीने त्याची काहीच गरज नव्हती. जोडणीच्या तारा आणि खुंट्या सर्व कंपन्यांच्या सारख्याच असतात. एकाचा डेक दुसऱ्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला निमूटपणे चालतो.

नव्वदच्या दशकात दिव्यांची रोषणाई आणि ‘पीएमपीओ’चे आकडे आले. हजारो वॉटची ती घोषणा ऐकून आपण चकित होत होतो. क्षणार्धाच्या कल्पित शिखराचा तो आकडा होता. सलगपणे मिळणारी शक्ती, जिला आरएमएस म्हणतात, ती त्याच्या कितीतरी पटीने कमी असे. रक्तदाबाचा दिवसातला सर्वांत मोठा आकडा धरून रोग्याची प्रकृती सांगावी, तसा तो प्रकार होता.

आता टीव्हीच इतका सडपातळ झाला आहे की त्यात स्पीकरला जागाच उरली नाही. बहुतेक टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. म्हणजे बोलणारा माणूस आपल्याकडे पाठ करून भिंतीशी बोलतो आहे. त्यावर तोडगा म्हणून बारीक साउंडबार येतो, तोही टीव्हीच्या रंगाला आणि रुंदीला साजेसा. व्हिक्ट्रोलापासून सुरू झालेला प्रवास असा पुन्हा तेथेच आला आहे. खर्ज निर्माण करायला हवा हलवावी लागते. सूर एका सप्तकाने खाली नेऊन तेवढाच मोठा ठेवायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. हा निसर्गनियम आहे. तो सजावटकाराच्या नकाशाला जुमानत नाही.

डोळेही ऐकतात

‘आम्ही दिसण्यावर भाळत नाही, आम्हाला आवाजातला फरक कळतो,’ असे आपण सगळेच म्हणतो. औषधाची परीक्षा घेताना मात्र आपण रोग्यावर विश्वास ठेवत नाही आणि डॉक्टरवरही ठेवत नाही. दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी बांधतो. ध्वनीच्या क्षेत्रात हीच पद्धत वापरली गेली तेव्हा काय दिसले, ते आपल्या व्यवसायातल्या माणसाने जाणून घेण्यासारखे आहे.

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार प्रकारचे स्पीकर आणि चाळीस श्रोते घेतले. एकदा स्पीकर पडद्याआड ठेवून गुण द्यायला सांगितले आणि एकदा समोर दाखवून. पडदा असताना एका लहानशा, स्वस्त, प्लास्टिकच्या संचाने चांगले गुण मिळवले होते. पडदा दूर होताच त्याचे गुण घसरले आणि थोर दिसणारे मोठे स्पीकर वर चढले. इतकेच नव्हे, तर स्पीकरची जागा बदलल्याने आवाजात पडणारा खरा फरकही उघड्या डोळ्यांनी ऐकणाऱ्यांना फारसा जाणवेनासा झाला. आणि हे श्रोते ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीतच काम करणारे होते!

२०१३ मध्ये चिआ-जुंग त्साय यांनी संगीतस्पर्धांच्या अंतिम फेरीच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या आणि विजेता ओळखायला सांगितले. केवळ आवाज ऐकणाऱ्यांचे उत्तर अंदाजाने दगड मारण्याच्या पातळीवर राहिले. आवाज बंद करून नुसते चित्र पाहणाऱ्यांनी मात्र जवळजवळ निम्म्या वेळा विजेता बरोबर ओळखला. व्यावसायिक संगीतज्ञांचीही गत वेगळी नव्हती. म्हणजे मूळ स्पर्धेचा निकालही डोळ्यांनी बराचसा प्रभावित झालेला असावा.

याला शरीरशास्त्राचा आधार आहे. मॅक्गर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवलेला परिणाम आपल्यापैकी अनेकांनी शिकताना वाचला असेल. कानाला ‘बा’ ऐकवायचे आणि डोळ्यांना ‘गा’ म्हणणारे ओठ दाखवायचे. ऐकणाऱ्याला ‘दा’ ऐकू येते. मेंदू दोन्ही साक्षी एकत्र करूनच निवाडा देतो. म्हणून सुंदर स्पीकर ‘गोड वाजतो’ असे म्हणणारा माणूस ढोंगी नसतो. त्याला तो खरोखरच गोड ऐकू येतो. अडचण एवढीच, की नवलाई सरते. सहा महिन्यांनी डोळ्यांना स्पीकर दिसेनासा होतो आणि मग कान एकटा उरतो.

मिरजेचा धडा

रूप आणि आवाज यांचा संसार कसा करावा, हे शिकायला फार लांब जायला नको. मिरजेत सुमारे पावणेदोनशे वर्षे तंतुवाद्ये घडत आली आहेत आणि तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मैफलीत तंबोऱ्यांची जोडी असते. दोन्ही भोपळे शक्यतो सारख्या घेराचे, रंग एक, नक्षी एक. व्यासपीठावर गायकाच्या दोन्ही अंगांना ती जोडी शोभून दिसते आणि ती शोभावी, यात कोणालाही गैर वाटत नाही.

पण गवई तंबोरा निवडतो तो नक्षीवर नव्हे. तो तार छेडतो, घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतो आणि जवारी कशी बोलते ते ऐकतो. घोडीच्या माथ्याला केसभर उतार देऊन कारागीर जवारी काढतो. ते काम दुरून कोणालाही दिसत नाही. त्या अदृश्य उतारामुळे तार एकच सूर देत नाही, तर त्याच्या पोटातले वरचे स्वरही उलगडून दाखवते. दोन तंबोरे ‘जुळले’ असे आपण म्हणतो, ते दोन्ही रंगाने सारखे आहेत म्हणून नव्हे; दोघांच्या आवाजाचा पोत एक झाला म्हणून. मिरजेच्या कारागिराने दोन्ही जोड्या साधल्या आहेत, पण त्यांचा क्रम कधी बदलला नाही. आधी सुराची जोडी, मग रंगाची.

नेमके काय जुळायला हवे?

हाच क्रम घरच्या यंत्रणेला लावला, की बहुतेक प्रश्न सुटतात.

डावा आणि उजवा स्पीकर ही खरी तंबोऱ्याची जोडी. ती एकाच नमुन्याची हवी, येथे तडजोड नाही. घरात चित्रपट पाहण्यासाठी समोर तिसरा, मधला स्पीकर ठेवणार असाल, तर तोही त्याच घराण्यातला असावा. कारण संवाद बहुतांशी त्यातून येतात आणि पात्र पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेले तर त्याचा आवाज वाटेत बदलता कामा नये. बाह्य रंग वेगळा असला तरी चालेल, पण आतले पडदे, विशेषतः वरच्या सुरांचा छोटा ट्वीटर, एका जातीचे असावेत. मागचे स्पीकर थोडे वेगळे असले तरी बिघडत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर कोणत्याही कंपनीचा चालेल. त्याच्याशी जुळायला हव्यात त्या दोन गोष्टी कागदावर लिहिलेल्या असतात. पहिली, स्पीकरचा रोध, म्हणजे चार, सहा की आठ ओहम. तेवढा अ‍ॅम्प्लिफायरला पेलतो ना, हे पाहावे. दुसरी, स्पीकरची संवेदनशीलता. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. ८७ आणि ९० डेसिबल यांत फरक तीनचाच दिसतो, पण तेवढ्याच आवाजासाठी पहिल्या स्पीकरला दुप्पट वॉट लागतात. हे ठाऊक नसल्यामुळे लोक वॉटच्या मागे धावतात. पैशांची वाटणी करताना निम्म्याहून अधिक वाटा स्पीकरचा ठेवावा. ऐकू येणाऱ्या फरकांतला मोठा भाग तेथेच असतो.

आता डोळ्यांच्या बाजूनेही काही बोलले पाहिजे. घराला रूप असावे, ही अपेक्षा मुळीच गैर नाही. ज्या घरात यंत्र डोळ्यांना सलते तेथे ते अडगळीत जाते, आणि अडगळीतल्या उत्तम स्पीकरपेक्षा दिवाणखान्यातला मध्यम स्पीकर केव्हाही बरा. सुदैवाने डोळ्यांना देता येण्याजोग्या सवलती पुष्कळ आहेत. सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज कोणत्या दिशेने आला, हे आपल्या कानाला नीट ओळखता येत नाही; म्हणून सबवूफरची बोजड पेटी सोफ्याआड लपवावी. अ‍ॅम्प्लिफायर कपाटात जावा, मात्र त्याला वारा मिळावा. तारा भिंतीतल्या नळीतून न्याव्यात. पेटीच्या बाजूंना सुतार फर्निचरच्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवू शकतो. पुढची बाजू आणि हवेचे भोक तेवढे त्याने अस्पर्श ठेवावे.

जे लपवू नये ते म्हणजे स्पीकरचे तोंड. काचेच्या शोकेसमध्ये कोंबलेला स्पीकर पिंपात तोंड घालून गाणाऱ्या गवयासारखा वाजतो. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावा, पेटी भिंतीपासून हात-दीड हात पुढे असावी, आणि दोन स्पीकर व ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. आपल्या पावसाळ्याचीही आठवण ठेवावी. बेळगावची चार महिन्यांची ओल स्पीकरच्या कडेच्या फोमला हळूहळू कुजवते. रबरी कडा अधिक टिकते. दुकानात रंग पाहताना हेही विचारावे.

चकचकीत खोलीचा घात

सर्वांत महागडा स्पीकर घेऊनही जो बिघाड उरतो, तो खोलीचा असतो. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकीचे अध्यापक वॉलेस सॅबिन यांच्यावर १८९५ मध्ये एका नव्या व्याख्यानगृहाचा दोष शोधण्याची कामगिरी आली. वास्तू देखणी होती. पण शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही आणि वक्त्याचे बोलणे कोणाला कळत नसे. सॅबिन रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून पसरीत, वाद्याची एक नळी वाजवीत, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजीत आणि पहाटेपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवीत. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरले जाते : खोलीचे घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतील एकूण ध्वनिशोषण.

आपल्या नव्या घरातला एक दिवाणखाना घेऊ. पाच मीटर लांब, चार रुंद, तीन उंच. घनफळ ६० घनमीटर आणि सर्व पृष्ठभाग मिळून ९४ चौरस मीटर. खाली ग्रॅनाइट, भिंतींना गुळगुळीत रंग, एका बाजूला काच. असे कठीण पृष्ठभाग आवाजाचा सरासरी पाच टक्के भाग शोषतात असे धरले, तर प्रतिध्वनी विरायला सुमारे दोन सेकंद लागतात. त्याच खोलीत जाड पडदे, सतरंजी, कापडी बैठक आणि पुस्तकांची मांडणी आली आणि शोषण २० चौरस मीटरवर गेले, तर हाच काळ अर्ध्या सेकंदावर येतो. लाखाचा स्पीकर जे करू शकत नाही, ते पडदा आणि सतरंजी करतात. सारवलेली जमीन, मंगलोरी कौले, गाद्या, लोड आणि घोंगडी यांच्या जुन्या घरात साधा रेडिओ इतका स्पष्ट का वाटे, याचे उत्तर बरेचसे येथे आहे.

ही केवळ रसिकाची चैन नव्हे. वाढत्या वयात कानाची शक्ती प्रथम वरच्या सुरांत उतरते. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, पण स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत असते. म्हणून वृद्ध मंडळी सांगतात : ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ अशा कानाला घुमणारी खोली मिळाली, की एका अक्षराचे शेपूट दुसऱ्या अक्षरावर पडते आणि उरलेसुरले व्यंजनही झाकले जाते. मग आजोबा टीव्हीचा आवाज वाढवतात, नातवंडे कुरकुरतात, सूनबाई आवाज कमी करते, आणि काही दिवसांनी आजोबा दिवाणखान्यात येणेच सोडून देतात. डॉक्टर या नात्याने मला या खोलीतून बाहेर पडणाऱ्या माणसाची काळजी वाटते.

कानातल्या यंत्राचा रंग

कारण रूप की आवाज हा प्रश्न माझ्या तपासणीच्या खोलीत रोज येतो, आणि तेथे तो हौसेचा राहत नाही. श्रवणयंत्र हेही घरचे ध्वनियंत्रच. त्यात मायक्रोफोन असतो, अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि स्पीकरही असतो. रोगी किंवा त्याचा मुलगा पहिला प्रश्न विचारतो तो, ‘दिसणार नाही ना?’ किंवा ‘कातडीच्या रंगाचे मिळेल ना?’ हाच.

कानाच्या नळीत पूर्ण लपणारे यंत्र सौम्य आणि मध्यम बहिरेपणाला चांगले काम देते. पण बहिरेपणा तीव्र असेल, तर त्याच्या मर्यादा आड येतात. मायक्रोफोन आणि स्पीकर अगदी जवळ असल्यामुळे आवाज वाढवला की शीळ घुमू लागते. बॅटरी इवलीशी असल्याने शक्ती कमी पडते. आणि गोंगाटात समोरच्याचे बोलणे निवडून ऐकण्यासाठी दोन मायक्रोफोन लागतात, त्यांना जागा नसते. कानामागे बसणाऱ्या यंत्रात हे सारे मावते. पण ते दिसते.

निपाणीकडचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे येत. ऐकू येणे बरेच उतरलेले. मुलाने प्रेमाने, भरपूर पैसे मोजून, शहरातून न दिसणारे यंत्र आणून दिले होते. ते वर्षभर टेबलाच्या खणात पडून होते, कारण त्यातून ‘शिट्टीच जास्त आणि बोलणं कमी’ असे त्यांचे म्हणणे. मी कानामागचे यंत्र बसवले, तपासणीच्या आलेखाप्रमाणे त्याची मापे लावली आणि त्यांना डोळे मिटायला सांगितले. यंत्र सुरू झाले. ऐकू येते की नाही हे सांगण्याऐवजी त्यांनी आधी पत्नीला विचारले, ‘दिसतंय का गं फार?’ बाई त्यांच्या पाठीमागे दाराशी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, ‘अहो, मी हितं मागं उभी आहे. एवढ्या हळू बोललेलं तुम्हाला कधीपासून ऐकू यायला लागलं?’ गुरुजींनी डोळे उघडले आणि मागे वळून पाहिले. त्या दिवसानंतर यंत्राच्या रंगाची गोष्ट त्यांनी काढली नाही.

चष्म्याला आपण केव्हाच अलंकार करून टाकले आहे. श्रवणयंत्र मात्र अजून लपवायची वस्तू राहिले. त्याची किंमत मोठी आहे. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ-आयोगाने २०१७ पासून, आणि पुन्हा २०२४ च्या अहवालातही, मध्यम वयातील बहिरेपणाची गणना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत केली आहे. संभाषणातून बाजूला पडलेला माणूस हळूहळू जगण्यातून बाजूला पडतो, हे आपण आकडेवारीशिवायही पाहिले आहे.

निवडीची एक घरगुती रीत

यंत्र दिवाणखान्यातले असो की कानातले, निवडताना आधी डोळे मिटावेत आणि मग उघडावेत. आमच्या घरी स्पीकर घ्यायची वेळ आली तेव्हा आम्ही हे करून पाहिले. दुकानदार परिचयाचा होता; त्याने दोन जोड्या चार दिवसांसाठी घरी दिल्या. एक शिसवी झळाळीची, डौलदार. दुसरी काळी, चौकोनी, औषधाच्या खोक्यासारखी. माझी पत्नीही वैद्यकीय व्यवसायातलीच असल्याने परीक्षेचे नियम तिनेच घातले. पुढे पातळ चादर टांगली. दोन्ही जोड्यांचा आवाज मोबाइलवरच्या मापकाने सारखा केला. कारण थोडा मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो आणि विक्रेत्यांना हे पक्के माहीत असते. ऐकायला तीन गोष्टी ठेवल्या : नुसता तंबोरा, एक स्त्री-स्वर आणि बातम्या. तंबोऱ्यात जवारी उलगडते का, स्वरात नाक किंवा पिंप शिरते का आणि बातम्यांतले व्यंजन व्यंजन सुटे ऐकू येते का, एवढेच पाहायचे. पाच जणांनी चिठ्ठ्या लिहिल्या. चौघांनी एकच जोडी निवडली. चादर काढली तर ती खोक्यासारखी निघाली! आणि गंमत अशी, की ती पाहताच दोघांनी आपले मत बदलायची परवानगी मागितली.

परवानगी मिळाली नाही. पण पत्नीने आमच्या सुताराला बोलावून त्या काळ्या पेट्यांच्या बाजूंना कपाटाच्या रंगाचा सागवानी पापुद्रा लावून घेतला. आता त्या दिवाणखान्यात विजोड दिसत नाहीत. सुराची जोडी आधी जुळली, रंगाची मागाहून जुळवली. उलट क्रमाने हे झाले नसते.

व्यवसायबंधूंना माझे सांगणे एवढेच, की रोग्याला औषध देताना जी शिस्त आपण पाळतो, ती घरात शिरताना दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवू नये. नवा दिवाणखाना आखताना सजावटकाराला रंग विचारण्यापूर्वी एक प्रश्न घरात विचारावा : येथे सर्वांत कमी कोणाला ऐकू येते आणि ती व्यक्ती कोठे बसणार? त्या खुर्चीपासून स्पीकरचे अंतर मोजावे, तिच्या पायाखाली सतरंजी आणि तिच्यामागे पडदा यावा. तेथे बातम्यांतला शब्द आणि तंबोऱ्यातला गंधार स्पष्ट पोचला, की उरलेल्या खोलीला कोणताही रंग द्यावा, तो शोभूनच दिसेल.